साठ वर्षे चाललेले एक निदान

'व्हेंट्रिक्युलायटिस' हा शब्द आपणा डॉक्टरमंडळींना नवा नाही. मेंदूतील पोकळ्यांच्या अस्तराला दाह झाला, की आपण तो शब्द वापरतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तो नाही. रोमन लिपीत या शब्दातील एकच अक्षर बदलले, की 'व्हेंट्रिक्युलाइटीज' असा दुसरा शब्द तयार होतो, आणि तो शब्द म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या सागरी स्पंजांच्या एका वंशाचे नाव आहे. दोन्ही शब्दांचे मूळही एकच. लॅटिनमध्ये 'व्हेंटर' म्हणजे पोट व 'व्हेंट्रिक्युलस' म्हणजे लहानसे पोट, पिशवी. हृदयाचे खालचे दोन कप्पे आणि मेंदूतील पोकळ्या यांना आपण तेच नाव देतो. शेवटचा प्रत्यय ग्रीक असून त्याचा अर्थ 'त्याच्याशी संबंधित' एवढाच आहे. ग्रीक भाषेत रोग स्त्रीलिंगी आणि दगड पुल्लिंगी. म्हणून रोगाच्या नावाला एक रूप लागले आणि दगडाच्या नावाला दुसरे.

हे नाव ज्यांनी १८२२ साली दिले, तेही व्यवसायाने डॉक्टरच होते. एखादी वस्तू प्रथम पाहणे, तिला नाव देणे आणि तिचे खरे स्वरूप ओळखणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे या वंशाच्या इतिहासाइतके स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. सारी उमर सूक्ष्मदर्शकासमोर घालविलेल्या माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टला त्याचे विशेष आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

गिडियन अल्जर्नन मँटेल यांचा जन्म १७९० साली इंग्लंडच्या दक्षिण भागातील ससेक्स परगण्यात, ल्यूइस या गावी झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते गावातील एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागले. पुढे लंडनला सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात शिक्षण पुरे करून १८११ मध्ये त्यांनी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्यत्व मिळविले आणि गावी परतून व्यवसाय सुरू केला. कॉलरा, देवी आणि विषमज्वर यांचा तो काळ. कधी दिवसाला पन्नासहून अधिक रुग्ण आणि वर्षाला दोनशे-तीनशे बाळंतपणे, असा त्यांचा व्याप होता. या व्यापातून उरलेला वेळ ते खडूच्या खाणींत घालवीत. पुढे १८२५ साली त्यांनी 'इग्वानोडॉन' या प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचे वर्णन केले आणि जगाने त्यांना त्यासाठीच लक्षात ठेवले. परंतु त्यांच्या संशोधनाची सुरुवात डायनोसॉरपासून झालेली नाही. ती झाली हाताच्या ओंजळीत मावणाऱ्या एका पेल्यापासून.

हा पेला कसा होता ते प्रथम सांगतो. ल्यूइसच्या आसपासच्या टेकड्या पांढऱ्या खडूच्या आहेत. हा खडू म्हणजे सूक्ष्म सागरी शैवालांच्या चुनकळीच्या कवचांचा गाळ. हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर या गतीने तो समुद्रतळावर साचत गेला. त्या पांढऱ्या दगडात तांबूस-तपकिरी रंगाच्या, फुलदाणीसारख्या किंवा नरसाळ्यासारख्या आकृती दिसतात. खाली निमुळते टोक, त्याला मुळांसारखे फाटे, वर रुंदावत जाणारे तोंड आणि मध्ये खोल पोकळी. भिंत सपाट नसून नऊवारीच्या निऱ्यांसारखी उभ्या घड्यांची, आणि तिच्यावर बारीक छिद्रांचे जाळे. काही आकृती चकमकीच्या गोट्यांत अडकलेल्या असतात आणि अशा गोट्याला बाहेरून पावसाळी छत्रीचे रूप येते. काही अरुंद नळीसारख्या, तर काही बशीसारख्या पसरट.

हे काय असावे? १८१४ साली लिनिअन सोसायटीपुढे वाचलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात मँटेल यांनी या वस्तूला 'अल्सिओनियम' म्हटले. अल्सिओनियम म्हणजे मऊ पोवळ्यांचा एक गट. अरुंद आणि पसरट अशी दोन रूपे का सापडतात, याचे त्यांनी दिलेले उत्तर डॉक्टरला साजेसे होते. हा प्राणी आकुंचन व प्रसरण पावू शकत असावा. मिटलेल्या अवस्थेत गाडला गेला तो नळी झाला आणि उमललेल्या अवस्थेत गाडला गेला तो बशी झाला, असे त्यांनी मांडले. हृदय आणि जठर रोज हाताखालून जाणाऱ्या माणसाला पोकळी दिसली की आकुंचन सुचणारच. १८२२ साली 'द फॉसिल्स ऑफ द साउथ डाउन्स' हा त्यांचा ग्रंथ आला. त्यातील चित्रफलक त्यांच्या पत्नी मेरी अ‍ॅन यांनी कोरले होते. या ग्रंथात त्यांनी त्या पेल्याला 'व्हेंट्रिक्युलाइटीज' हे स्वतंत्र नाव दिले.

आज आपल्याला ठाऊक आहे, की तो मऊ पोवळा नव्हता. परंतु १८२२ साली खुद्द स्पंज हा प्राणी की वनस्पती, यावरच एकमत नव्हते. एडिंबरोचे वैद्यकाचे पदवीधर रॉबर्ट एडमंड ग्रँट यांनी जिवंत स्पंजांचे निरीक्षण करून, पाणी बारीक छिद्रांतून आत जाते आणि मोठ्या तोंडातून बाहेर पडते, हे १८२० च्या दशकाच्या मध्यास दाखविले. स्पंज प्राणी आहेत हे मत त्यानंतर दृढ होत गेले. म्हणजे मँटेल यांनी निदान केले तेव्हा योग्य तो रोग पाठ्यपुस्तकातच नव्हता.

दुसरी पायरी चढली ती एका कायद्याच्या अभ्यासकाने. जोशुआ टूल्मिन स्मिथ यांची ख्याती स्थानिक स्वराज्याचे पुरस्कर्ते म्हणून आहे. पण १८४७-४८ मध्ये त्यांनी व्हेंट्रिक्युलाइटीज आणि त्याच्या भावंडांवर विस्तृत लेखमाला लिहिली. त्यांनी बाह्य आकार बाजूला ठेवला आणि भिंतीचा सूक्ष्म तंतू तपासला. त्यांना दिसले, की हे तंतू काटकोनात एकमेकांना छेदणारे असून जेथे जेथे ते भेटतात तेथे एक चिमुकली अष्टफलकी आकृती आहे. मधल्या बिंदूपासून सहा दिशांना सहा भुजा जातात आणि शेजारशेजारच्या भुजांना जोडणारे बारा तिरपे टेकू असतात. पिंजऱ्याचा कंदील डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे कल्पना येईल. ही गाठ व्हेंट्रिक्युलाइटीजच्या साऱ्या सांगाड्यात पुन्हा पुन्हा येते.

निरीक्षण अचूक होते, पण निष्कर्ष चुकला. स्मिथ यांनी हे प्राणी ब्रायोझोआ गटाजवळचे ठरविले. ब्रायोझोआ म्हणजे वसाहत करून राहणारे, शेवाळासारखे दिसणारे सूक्ष्म सागरी प्राणी. असे का व्हावे? स्लाइड हाती होती, परंतु तिच्याशी ताडून पाहण्यासाठी ओळखीची दुसरी स्लाइड नव्हती. असा सांगाडा असलेला जिवंत प्राणी त्यांच्यासमोर नव्हता.

योगायोग असा, की असा एक प्राणी लंडनला येऊन पोहोचला होता. फिलिपाइन्सच्या समुद्रातून आलेल्या काचेच्या टोपलीसारख्या एका वस्तूचे वर्णन १८४१ साली रिचर्ड ओवेन यांनी केले आणि तिला 'युप्लेक्टेला' हे नाव दिले. हे ओवेन म्हणजे मँटेल यांचे वैज्ञानिक क्षेत्रातील कडवे प्रतिस्पर्धी. युप्लेक्टेला हा काच-स्पंज. त्याचा सांगाडा सिलिकेच्या, सहा भुजांच्या कंटिकांचा असतो. पण एकाच्या टेबलावरील जिवंत गटाचा प्रतिनिधी आणि दुसऱ्याच्या टेबलावरील दगड यांची भेट व्हायला आणखी सत्तावीस वर्षे जावी लागली.

१८६८ साली चार्ल्स वायव्हिल थॉमसन आणि विल्यम कार्पेंटर हे दोघे 'लाइटनिंग' या जहाजातून स्कॉटलंडच्या उत्तरेकडील खोल समुद्र खरवडू लागले. थॉमसन यांनी विद्यार्थिदशेत वैद्यकाचा अभ्यास केला होता आणि कार्पेंटर तर वैद्यकाचे पदवीधर व शरीरक्रियाशास्त्राचे नामांकित ग्रंथकार होते. खोल समुद्रात जीवसृष्टी नाही, असे तोवर अनेक विद्वान मानीत. त्यांच्या जाळ्यात मात्र जिवंत काच-स्पंज आले. त्यांचा अभ्यास करताना थॉमसन यांना खडूतील व्हेंट्रिक्युलाइटीजशी असलेले साम्य लक्षात आले, आणि ते त्यांनी मांडले. पुढे १८७७ साली म्युनिकचे कार्ल झिटेल यांनी जीवाश्म स्पंजांची संपूर्ण मांडणी त्यांच्या कंटिकांच्या सूक्ष्म रचनेवर उभी केली आणि व्हेंट्रिक्युलाइटीजचे स्थान काच-स्पंजांत निश्चित झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन अभ्यासक श्रामेन यांनी कंदिलासारखी गाठ असलेल्या काच-स्पंजांचा वेगळा गण केला. त्याचे नाव छोट्या दिव्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. खडूच्या काळी भरभराटीला आलेल्या या गणाच्या आज मोजक्याच जाती खोल समुद्रात उरल्या आहेत.

१८१४ ते १८७७. निदानाला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

येथे चाणाक्ष वाचक विचारतील, की मूळ सांगाडा काचेचा होता, तर तो खडूत तांबूस कसा? याचे उत्तर मनोरंजक आहे. स्पंजाच्या कंटिका ज्या सिलिकेच्या असतात ती टिकाऊ नसते. गाळात गाडल्यावर ती हळूहळू विरघळते आणि तीच सिलिका गाळात अन्यत्र पुन्हा घट्ट होऊन चकमकीचे गोटे बनतात. विरघळलेल्या सांगाड्याच्या जागी पुष्कळदा लोहाचे सल्फाइड, म्हणजे पायराइट, बसते. आणि पुढे त्याला गंज चढून तो तांबूस रंग येतो. म्हणजे मूळ द्रव्याचा कणही उरलेला नाही, रचना मात्र जशीच्या तशी आहे. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत आम्ही रोज हेच करतो. ऊतीतील पाणी काढून टाकतो, त्या जागी पॅराफिन भरतो आणि त्याचे पातळ काप घेतो. द्रव्य बदलते, मांडणी टिकते, आणि निदान मांडणीवरून होते. निसर्गाने हे काम समुद्रतळाच्या गाळात केले. मँटेल यांच्यापुढे असलेले नमुने अशा तऱ्हेने तयार झालेले होते.

मग हा प्राणी जगत होता तरी कसा? व्हेंट्रिक्युलाइटीजची मऊ ऊती आपल्याला दिसत नाही. म्हणून त्याच्या जिवंत आप्तांवरून अनुमान करावे लागते. तो गाळात मुळे रोवून एका जागी उभा राही, भिंतीच्या छिद्रांतून पाणी आत ओढी, त्यातील जीवाणू व सूक्ष्म अन्नकण गाळून घेई आणि उरलेले पाणी मधल्या पोकळीतून वर सोडून देई. भिंतीला निऱ्या कशासाठी, तर लहान जागेत गाळणीचे क्षेत्रफळ वाढावे यासाठी. आपल्या आतड्याच्या अस्तराला ज्या कारणाने घड्या असतात, त्याच कारणाने. मधली पोकळी जठर नव्हे. तिच्यात पचन होत नाही. ती केवळ बाहेर जाण्याची वाट आहे. नळी आणि बशी ही रूपे एकाच प्राण्याच्या आकुंचन-प्रसरणाची नव्हेत. ती निरनिराळ्या जातींची आणि वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांची आहेत. काचेचा जोडलेला सांगाडा मिटणार तरी कसा?

तरीही या कथेला एक अनपेक्षित वळण आहे. काच-स्पंजांच्या शरीरात इतर प्राण्यांप्रमाणे सुट्या पेशी फारशा नसतात. बहुतेक सारी ऊती म्हणजे असंख्य केंद्रके असलेले एकच अखंड जाळे असते. १९९७ साली संशोधकांनी एका जिवंत काच-स्पंजातून विद्युत्संदेश नोंदविला. या प्राण्याला ना मज्जातंतू, ना स्नायू. तरी स्पर्श होताच किंवा पाण्यात गाळ आला की एक विद्युतलहर साऱ्या जाळ्यातून सेकंदाला सुमारे पाव सेंटीमीटर वेगाने पसरते आणि पाण्याचा संपूर्ण प्रवाह थांबतो. हृदयाच्या निलयातील स्नायुपेशी जणू एकच अखंड पेशी असल्याप्रमाणे वागतात, असे आपण शरीरक्रियाशास्त्रात शिकलो. येथे ते 'जणू' सुद्धा नको. व्हेंट्रिक्युलाइटीजलाही अशी ऊती असावी, असे मानायला आधार आहे. मँटेल यांनी जे आकुंचन कल्पिले ते नव्हते. परंतु सारा देह एका इशाऱ्याने प्रतिसाद देतो, ही कल्पना मात्र अगदीच निराधार ठरली नाही.

आता यातून आपण काय घ्यावे? रूपावरून दिलेली नावे वैद्यकातही पुष्कळ आहेत आणि ती चिवट असतात. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका रुग्णाच्या अंगावरील गाठी पाहिल्या. त्या भूछत्रासारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी रोगाला 'मायकोसिस फंगॉइडिस' असे नाव दिले. या रोगाचा बुरशीशी काडीचाही संबंध नाही. तो टी-लिम्फोसाइट या पेशींचा, त्वचेत वाढणारा कर्करोग आहे. नाव मात्र आजही तेच आहे. या रोगाचे आरंभीचे चट्टे इसब किंवा गजकर्णासारखे दिसतात, आणि कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे मलमे लावीत राहतात. पहिल्या बायॉप्सीत निदान पक्के होतेच असे नाही. दुसरी, तिसरी घ्यावी लागते. माझ्या टेबलावर आलेल्या अशा काही स्लाइड्स मला आजही स्मरतात. त्यांतील प्रत्येक रुग्णाच्या डॉक्टरला, 'हे जसे दिसते तसे नसावे,' अशी शंका कधीतरी आली, म्हणूनच ती स्लाइड माझ्यापर्यंत पोहोचली. शंका दोन वर्षे आधी आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही. दगडाच्या निदानाला साठ वर्षे लागली तर दगडाचे काही बिघडत नाही. रुग्णाजवळ इतका वेळ नसतो.

नावांची ही गफलत पाहायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातील बाघची चित्रे असलेली लेणी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. त्या परिसरात, काळ्या दख्खनी दगडाच्या खाली, चुनखडीचे थर आहेत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे इंग्लंडमध्ये खडू साचत होता त्याच युगात, समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून आत आला होता. त्याने हे थर मागे ठेवले. त्यातील एका थराला जुन्या भूवैज्ञानिकांनी 'कोरलाइन', म्हणजे पोवळ्यांसारखा, चुनखडक असे नाव दिले. प्रत्यक्षात तो भरला आहे ब्रायोझोआंच्या अवशेषांनी. तिकडे स्पंजाला कोणी पोवळा म्हटले, कोणी ब्रायोझोआ. इकडे ब्रायोझोआंना पोवळ्याचे नाव चिकटले. पुढल्या खेपेस बाघला जाल तेव्हा लेण्यांबरोबर हे दगडही जरूर पाहावेत आणि शक्य झाल्यास सोबत एक भिंग न्यावे.

मँटेल यांचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. जीवाश्मांच्या संग्रहाने घर भरले, व्यवसाय उतरला, पत्नी घर सोडून गेली. १८३८ साली त्यांना आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. १८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उरलेली अकरा वर्षे त्यांनी वेदनेत काढली. कमरेपाशी आलेला उंचवटा हे अर्बुद असावे, अशी त्यांच्या हयातीत समजूत होती. वेदनेसाठी ते अफू घेत, आणि १८५२ च्या नोव्हेंबरात अफूची मात्रा अधिक होऊन त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात अर्बुद सापडले नाही. कणा बाजूला वाकलेला होता आणि मणके स्वतःभोवती पिळले गेले होते. बाहेर दिसणारा उंचवटा त्या पिळाचा होता. तो कणा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात जपून ठेवण्यात आला. आज तो तेथे नाही. परंतु विल्यम अ‍ॅडम्स या शल्यवैद्यांनी या प्रकरणावरून मणक्यांचा पीळ जिवंतपणी कसा ओळखावा याचा विचार केला. मुलाला पुढे वाकायला सांगून पाठीची एक बाजू वर येते का, हे आपण शाळेच्या तपासणीत पाहतो, ती 'अ‍ॅडम्स चाचणी' याच विचारातून आली.

खडूतल्या पेल्याचे खरे स्वरूप मँटेल यांना अखेरपर्यंत कळले नाही, आणि स्वतःच्या पाठीवरील उंचवट्याचेही कळले नाही. तरीही दोन्ही ठिकाणी पुढच्यांना योग्य उत्तर सापडले, ते मागे काहीतरी जपून ठेवलेले होते म्हणूनच. त्यांनी प्रत्येक नमुना नीट राखला, त्याचे चित्र काढविले आणि दिसले ते लिहून ठेवले. त्यांचा निष्कर्ष बदलला, निरीक्षण बदलावे लागले नाही. आपल्या दवाखान्यांतील केसपेपर, प्रयोगशाळांतील ब्लॉक आणि स्लाइड्स यांचे मोल मला याच कारणाने वाटते. माझी तरुण सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की निदान लिहिताना त्याखाली आपण प्रत्यक्ष काय पाहिले तेही लिहावे. निदान उद्या कोणी सुधारील. त्या सुधारणेला आधार लागेल तो आपल्या लिहिलेल्या दोन ओळींचाच.